विलासला दिलेलं प्रभुभोजन

पाळकाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूला, आठवड्यातून एकच दिवस काम असतं, असा आमच्या भागात एक समज आहे. मी तो फारसा खोडून काढला नाही. तीस वर्षं मी श्रीरामपूर आणि नेवासे यांच्या मधल्या एका गावात ल्यूथरन मंडळीचा पाळक होतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. या काळात लग्नं लावली, बाप्तिस्मे दिले, माणसं पुरली, भावाभावांची भांडणं सोडवली. मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साप निघाला तर तो काढायलाही लोक आधी मलाच हाक मारायचे. साप काढणं मला कधी जमलं नाही. बाकीचं जमलं, असं वाटायचं. मी लिहितो आहे त्या प्रसंगानं तेही वाटणं काढून घेतलं.

गावातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं एकदा मला विचारलं होतं, "साहेब, ल्यूथरन म्हणजे कोणती कंपनी ओ?"

मी त्याला चहा पाजून सांगितलं. आमची शिकवण काही अवघड नाही. माणूस स्वतःच्या पुण्याईवर तरत नाही. उपास, नवस, दानधर्म, सरळ वागणं, यांतलं काहीही देवापुढे मांडून तारण मिळवता येत नाही. देव ते ख्रिस्ताच्या कारणानं फुकट देतो, त्याला कृपा म्हणायचं. आपण रिकामा हात पुढे करायचा, त्याला विश्वास म्हणायचं. चांगलं वागायचं ते त्यानंतर. मिळावं म्हणून नाही, तर मिळालं म्हणून. आणि ही कृपा नुसती कानांनी ऐकायची नसते, हातात पडते. बाप्तिस्म्यात पाण्यातून, प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षरसातून. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा का देता, त्याला काय कळतं, असं लोक विचारतात. काही कळत नाही आणि द्यायला जवळ काही नसतं, म्हणूनच देतो. प्रभुभोजनातली भाकर भाकरच राहते, पण त्या भाकरीबरोबर ख्रिस्त खरोखर येतो, नुसती आठवण म्हणून नाही. पाळक कितीही नालायक असला तरी येतो, कारण देणारा तो नसतो.

सेक्रेटरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी खून करून आला तरी फुकट?"

"पश्चात्ताप असला तर, हो."

"मंग अवघड हाय तुमचं."

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा ते नुसतं बोलणं होतं.

आमच्या मंडळीत सगुणाबाई नावाच्या एक विधवा बाई होत्या. गावात त्यांची पिठाची गिरणी. बोलायला फटकळ, पण कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा त्यांचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. त्यासाठी लागणारी बिनखमिराची पोळी वर्षानुवर्षं सगुणाबाईच करत. शनिवारी गिरणी लवकर बंद करायच्या, अंघोळ करायच्या, गहू वेगळा दळायच्या. रविवारी सकाळी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली पोळी वेदीवर ठेवताना त्या कुणाशी बोलत नसत. मी एकदा सुचवलं, "सगुणाबाई, शहरातून तयार चकत्या मागवू, तुमची दगदग वाचेल." त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी तुमचं बघा. मला कुठं प्रवचन करता येतं? मला एवढंच येतं."

त्यांना एकच मुलगा, अमोल. दूध संकलन केंद्रावर कामाला होता. बावीस वर्षांचा. एके दिवशी पहाटे मोटरसायकलवरून कामावर निघालेला असताना फाट्याजवळ त्याला एका पिकअपनं उडवलं. गाडी निघून गेली. उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसांना तो सापडला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणला असता तर वाचला असता कदाचित. हे 'कदाचित' सगुणाबाईंनी ऐकलं, आणि ते त्यांच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

दुपारपर्यंत ड्रायव्हर स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर झाला. तो विलास होता. आमच्याच मंडळीतला. लहानपणी त्याला रविवारच्या शाळेत मीच शिकवलेलं. अमोलहून दहा-बारा वर्षांनी मोठा, दुधाची गाडी चालवायचा, आणि अलीकडे प्यायला लागला होता. त्या पहाटेही प्यायलेला होता.

अमोलला मी पुरला. विलासला शिक्षा झाली. सगुणाबाईंनी एक महिना पोळी केली नाही, दुसऱ्या महिन्यापासून पुन्हा करायला लागल्या. मी काही विचारलं नाही. तुरुंगात विलासला भेटायला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तो खाली मान घालून बसला. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगत असे.

साडेतीन वर्षांनी तो सुटून आला. रोड झालेला, दारू सुटलेली, डोक्याचे केस निम्मे पांढरे. वस्तीत त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. आईबरोबर राहायचा आणि लांबच्या वीटभट्टीवर कामाला जायचा, म्हणजे गावातल्या माणसांची गाठ पडत नसे. रविवारी मंदिरात येत नसे.

एक दिवस भरदुपारी तो माझ्या घरी आला. आमची सौभाग्यवती पापड वाळत घालत होती. तिनं त्याला पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेली. विलास दारातच उभा राहिला.

"साहेब, मला प्रभुभोजन पायजे."

मी त्याला आत घेतलं, बसवलं. आमच्याकडे पाळकाजवळ खाजगीत पापांगीकार करण्याची सोय आहे. फार लोक वापरत नाहीत, पण आहे. माणसानं आपलं पाप बोलायचं आणि पाळकानं देवाच्या वतीनं क्षमा जाहीर करायची. तिथं जे ऐकलं ते पाळकानं मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आज मी ते लिहू शकतो, कारण पुढे विलासनं स्वतःच ते भर मंडळीत सांगितलं. नावं अर्थात बदलली आहेत.

तो म्हणाला, "साहेब, कोर्टात मी सांगितलं का धडक बसल्यावर मी घाबरून पळालो. ते खरं न्हाई. मी थांबलो हुतो. खाली उतरलो. अमोल जित्ता हुता."

तो खाली बघत पुढे बोलू लागला.

"त्यानं मला वळखलं. म्हणला, इलासभाऊ, पाणी. गाडीत बाटली हुती साहेब. भरलेली. मी गाडीकडं गेलो ती आणायला. आन् गाडीत बसलो, आन् चावी फिरवली."

बाहेर सौभाग्यवतीच्या पापडांवर कावळा येऊन बसला होता. मला त्याला हाकलावंसं वाटत होतं, म्हणजे निदान उठता आलं असतं.

"हे सगुणाकाकूंना म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "कुनालाच न्हाई. मला रोज ऐकू येतंय ते. क्षमा असंल तर द्या. नसंल तर तसं सांगा, मी जातो."

आता वाचकांनी माझ्या जागी बसून पाहावं. मला वाटलं, त्याला सांगावं, आधी सगुणाबाईंकडे जा, त्यांना खरं सांग, मग ये. कुणीही शहाणा माणूस हेच सांगेल. पण मी तीस वर्षं जे शिकवत होतो ते याच्या उलट होतं. अमुक केलंस तर क्षमा मिळेल, असं म्हटलं की ती मजुरी झाली, कृपा राहिली नाही. पश्चात्ताप नसलेल्याला क्षमा नाकारण्याचा अधिकार मला होता. पण समोर बसलेल्या माणसाला पश्चात्ताप नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? आणि समजा मी अट घातली, आणि भीतीनं त्याचं धाडस झालं नाही, आणि त्यानं फास लावून घेतला तर? तो विचारही माझ्या मनात आला, कारण त्याच्या चेहऱ्यावर तो होता.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षमेचे शब्द उच्चारले. अट घातली नाही. मग एवढंच म्हणालो, "विलास, सगुणाबाईंना हे कळणं हा त्यांचा हक्क आहे. देवानं क्षमा केली म्हणून तो हक्क संपत नाही. कधी जायचं ते तू ठरव. मी तुझ्याबरोबर येईन."

त्यानं मान हलवली. "आज न्हाई जमायचं."

इथवर मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. चुकलो ते पुढच्या दहा मिनिटांत. त्याला रविवारी मंदिरात ये म्हणायला हवं होतं. पण वेदीपुढच्या कठड्यापाशी, जिथं लोक प्रभुभोजन घेतात तिथं, तो आणि सगुणाबाई शेजारी शेजारी गुडघे टेकलेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी घाबरलो. आजाऱ्यांना घरी प्रभुभोजन देण्यासाठी माझ्याकडे एक लहान पेटी होती. ती काढली. आदल्या रविवारची, आजाऱ्यांसाठी वेगळी काढून ठेवलेली पोळी घरात शिल्लक होती. दार लोटून घेतलं आणि त्याला तिथंच, माझ्या बैठकीत, प्रभुभोजन दिलं. तो लहान मुलासारखा रडला. मला वाटलं, बरं झालं, कुणाला त्रास नाही, कुणाला कळलं नाही.

विलासच्या आईला मात्र आनंद पोटात मावला नाही. तिनं शेजारणीला सांगितलं. चार दिवसांत सगुणाबाई माझ्या अंगणात उभ्या होत्या. अंगावर गिरणीचं पीठ तसंच.

"साहेब, इलासला प्रभुभोजन दिलं तुमी?"

"दिलं."

"हितं? घरात?"

"हो."

"पोळी कुनाच्या हातची हुती?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांना ते मिळालं.

मला वाटलं त्या आता शिव्या देतील, रडतील. त्या दोन पावलं पुढे आल्या. "साहेब, त्याला देऊ नका असं म्या कवा म्हणले का? माझ्या मनात लई येतं. त्याचं वाटोळं व्हावं असं येतं. पर देनारी मी कोन आन् न्हाई म्हननारी मी कोन? तुमीच शिकवलं ना, सगळ्यांला फुकट हाय म्हनून? मंग चोरून का दिलं? दार लावून का दिलं? देवाची कृपा का चोरीचा माल हाय?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"माझा तरास तुमी दार लावून बंद केला व्हय?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "द्यायचं तर मंडळीत द्या. माझ्यासमोर. मला बघू द्या तो गुडघे टेकतो ते." जाता जाता त्या वळल्या. "त्यानं काय सांगितलं तुमाला?"

"ते मला सांगता येत नाही, सगुणाबाई."

"म्हंजी हाय काय तरी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी विलासकडे गेलो. सगुणाबाईंचा निरोप सांगितला. म्हणालो, "आधी त्यांच्या घरी जाऊ. मी येतो. खरं सांगून टाक, मग रविवारी ये." तो दोनदा हो म्हणाला आणि दोन्ही वेळा भट्टीवरून परत आला नाही. मी जबरदस्ती केली नाही. पहिला रविवार उजाडला.

मंदिर भरलेलं होतं. बातमी सगळ्यांना होती. सगुणाबाई नेहमीसारख्या आल्या, पांढऱ्या फडक्यातली पोळी वेदीवर ठेवली आणि बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसल्या. विलास मागच्या दाराशी उभा होता, बसला नव्हता. माझं त्या दिवशीचं प्रवचन मला आठवत नाही. कुणालाच आठवत नसेल.

सामुदायिक पापांगीकार झाला. मी पोळी हातात घेतली, ठरलेले शब्द म्हटले, प्याला घेतला, शब्द म्हटले. मग लोक पुढे यायची वेळ झाली. कुणी उठेना. सगुणाबाई वळून मागे बघत होत्या, आणि सगळे सगुणाबाईंकडे.

विलास चालत आला. मधल्या वाटेनं, वहाणा काढलेल्या, हात जोडलेले. कठड्यापर्यंत आला आणि गुडघे टेकायच्या ऐवजी बायकांच्या बाकाकडे वळला.

"काकू," तो म्हणाला, "मी थांबलो हुतो."

मला त्याला थांबवायचं होतं. इथं नको, सगळ्यांसमोर नको. पण हातात पोळी होती.

त्यानं सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द इकडे तिकडे नाही. सगुणाबाई बसूनच ऐकत होत्या. त्यानं 'पाणी म्हणला' असं सांगितल्यावर त्या उभ्या राहिल्या.

"तुज्याकडं पाणी हुतं?"

"हुतं काकू. बाटली भरलेली हुती."

"तुला नावानं बोलला?"

"इलासभाऊ म्हणला."

सगुणाबाईंनी पदर सारखा केला, बाकातून बाहेर आल्या, विलासच्या अंगावरून गेल्या आणि दारातून बाहेर पडल्या. त्यांच्या मागोमाग तीन-चार बाया.

विलास कठड्यापाशी कोसळल्यासारखा बसला. आमचे थोरले पंच येसूदासमामा उभे राहिले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असे. "पाळकसाहेब, त्याला देऊ नका. आज तरी देऊ नका. मी सांगतो."

मी वेदीपासून कठड्यापर्यंत चाललो. सहा पावलं असतील. त्या सहा पावलांत मी काय काय विचार केले हे लिहिलं तर खोटं होईल. मी एकच विचार करत होतो, की तुकडा खाली पडता कामा नये. "हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं," असं म्हणून मी तो विलासच्या हातावर ठेवला.

येसूदासमामा टोपी घेऊन निघून गेले. त्यांच्याबरोबर निम्मी मंडळी.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. माझ्याविरुद्ध वरिष्ठांकडे अर्ज गेला. दोन वडीलधारे चौकशीला आले. त्यांनी मला विचारलं, तुम्ही शिकवणीविरुद्ध वागलात का? मी म्हटलं, "शिकवणीप्रमाणे वागलो, हीच तक्रार आहे." त्यांना ते उद्धट वाटलं असावं, पण त्यांनी मला काढलं नाही. सहा कुटुंबं दुसऱ्या मंडळीत गेली, ती आजवर परतली नाहीत. येसूदासमामा वर्षभरानं आले, माझ्याशी मात्र मोजकंच बोलत.

सगुणाबाई येत नव्हत्या. शहरातून तयार चकत्या मागवाव्या लागल्या. मी दर आठवड्याला त्यांच्या गिरणीवर जायचो. त्या मला खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या आणि दळण चालू करायच्या. गिरणीच्या आवाजात बोलणं शक्यच नसे. मी अर्धा तास बसून घरी यायचो, डोक्यावर पीठ घेऊन. एकदा मात्र पट्टा तुटला आणि गिरणी बंद पडली. तेव्हा मी म्हणालो, "सगुणाबाई, माझं चुकलं. त्याला घेऊन आधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं. तुम्हाला ते सगळ्यांदेखत ऐकावं लागलं, ते माझ्यामुळे."

त्या पट्टा जोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय. तुमच्यामुळंच."

मी पट्ट्याचं दुसरं टोक धरलं. पट्टा जोडून झाला.

आठ महिने झाले होते. पहिला रविवार होता, माणसं थोडी. विलास नेहमीच्या जागी, शेवटच्या बाकावर. तो दर रविवारी येऊ लागला होता, पण त्या दिवसानंतर कठड्यापाशी एकदाही आला नव्हता, मी विचारलं तर म्हणायचा, "काकू आल्याबिगर न्हाई." मी त्याला समजावून सांगितलं की कृपेला अशी अट नसते. त्याला ते पटत नव्हतं. पाळकाचं सगळंच सगळ्यांना पटतं असं नाही.

प्रभुभोजनाला लोक पुढे येत होते. शेवटच्या रांगेत एक बाई येऊन गुडघे टेकून बसल्या. मी पुढे सरकलो आणि पाहिलं तर सगुणाबाई. केव्हा आत आल्या ते मला कळलं नव्हतं.

मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी हलक्या आवाजात बोलल्या, पण समोरच्या दोन बाकांना ऐकू गेलं.

"साहेब, आधीच सांगते. माफ न्हाई केलं म्या त्याला. प्रयत्न केला, न्हाई जमलं. असं मन घेऊन चालत असंल तर द्या. न्हाईतर उठते."

शिकवणीत याचं उत्तर आहे. पात्र कोण? जो आपल्या मनाची शुद्धी घेऊन येतो तो नाही. 'तुझ्यासाठी' या शब्दावर ज्याचा भरवसा आहे तो. मी हे शेकडो वेळा वर्गात शिकवलं होतं, दृढीकरणाच्या, म्हणजे पहिल्या प्रभुभोजनाच्या तयारीला बसलेल्या, मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. त्या क्षणी मात्र मी एवढंच विचारलं, "मग का आलात, सगुणाबाई?"

"भूक लागली," त्या म्हणाल्या.

मी दिलं.